दोन मिनटांचं स्वागत

त्या सहलीचा एक व्हिडिओ अजून लोकांच्या मोबाइलवर फिरतो. त्यात मी सायकलवरून कमानीखालून येते, गळ्यात पदक घालून घेते आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते. व्हिडिओ बनवणाऱ्यांचा मला राग आहेच. पण त्यात दिसणाऱ्या माझ्या हसण्याचा राग त्याहून जास्त आहे, आणि तो का, हे एकदा नीट सांगून टाकायचं आहे.

मी नर्स होते. सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात तीस वर्षं काढली. निम्मी नोकरी सायकलवर झाली. लसींचा डबा मागे बांधायचा आणि धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, आणि जंगलातल्या पायवाटांनी गावं करायची. निवृत्त झाले तोवर दोन्ही गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरांनी चढ-उतार बंद करायला सांगितलं. माझी मुलगी नागपूरला बँकेत आहे. तिने मला न विचारता एका सायकल सहलीत माझं नाव घातलं आणि मग फोन केला.

"आई, विजेची सायकल आहे. पायाला जोर पडत नाही. सडक अर्जुनीपासून कचारगड, तीन दिवस. तू नेहमी म्हणतेस ना, एकदा आजीच्या वाटेने जायचंय म्हणून."

म्हणत होते खरी. कचारगड ही आम्हा गोंडांची मूळ जागा. सालेकसा तालुक्यात, डोंगराच्या पोटात मोठी गुहा आहे. आमचे पुरखे तिथून बाहेर पडले असं आम्ही मानतो. माघ पुनवेला लांबलांबून लोक येतात, आता बसने आणि जीपने, पण माझ्या लहानपणी आमच्या भागातले लोक पायीच जात. माझी आई दरवर्षी जायची. गावातली पंधरा-वीस माणसं मिळून निघायची, गाठोड्यात तांदूळ, मिरची आणि एक पातेलं. मी तिच्याबरोबर दोनदा गेले. पहिल्या वेळी अर्धी वाट तिच्या कडेवरच होते. पुढे नोकरी लागली आणि माघ महिना आला की नेमकी लसीकरणाची कुठली तरी मोहीम असायची. आई गेली, तेव्हा मी तिच्याबरोबर तिसऱ्यांदा गेलेली नव्हते. मुलीने हे कधी तरी ऐकून लक्षात ठेवलं होतं. मला नाही म्हणवेना.

सहल काढणारा माणूस चाळिशीचा होता, नागपूरचा, बोलायला फार गोड. निघण्याच्या महिनाभर आधी त्याने मला फोन केला. "ताई, तुम्ही त्याच भागातल्या ना? जुनी वाट नक्की कुठून जाते ते नकाशावर सापडत नाही. माहिती असलेलं कोणी आहे का?"

मी ताबडतोब मामाचं नाव सांगितलं. मामा म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ. वय सत्तरीचं, वन खात्यात रोजंदारीवर आयुष्य गेलेलं. आई थकल्यावर गावातल्या लोकांना कचारगडला तोच घेऊन जायचा. त्या वाटेवरचा प्रत्येक नाला, प्रत्येक गावातलं पाण्याचं ठिकाण त्याला पाठ आहे. मामाला मी या भानगडीत ओढलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती, हा प्रश्न येणारच आहे.

डिसेंबरात निघालो. धान कापून झालं होतं, बांध्या रिकाम्या होत्या. सडक अर्जुनीच्या एका मंगल कार्यालयाच्या आवारात बारा सायकली रांगेत लावल्या होत्या. गटात नागपूरचे सात जण होते, पुण्याचे चार आणि मी. सगळ्यांना पिवळी जर्सी मिळाली. तिच्या पाठीवर छापलं होतं, 'हरवलेल्या वाटेचे शोधक'.

मामाने एका जर्सीवरची अक्षरं बोट फिरवत वाचली आणि मला विचारलं, "वाट कोनाची हरवली?"

सहलवाला हसला. "काका, ते नुसतं नाव आहे हो. लोकांना इंटरेस्ट वाटावा म्हणून."

"आमी तं दरसाल जाऊन राहिलो," मामा म्हणाला. तेवढंच म्हणाला. मीही हसून विषय संपवला. मामाला जर्सी दिली नव्हती. तो वाटाड्या, सहलीतला नाही, असं कारण सांगितलं. तेही मला तेव्हा टोचलं नाही.

त्यालाही एक जादा विजेची सायकल दिली होती. आधी तो नको म्हणाला, आपली जुनी काळी सायकल घेऊन येतो म्हणाला. मग पायडल मारल्याबरोबर ती स्वतःच ओढ घेते हे बघून लहान मुलासारखा खूश झाला. "अवं, हे तं आपल्याआधी पळून राहिली," असं म्हणत त्याने आवारात चार फेऱ्या मारल्या. कोहमाऱ्याला हायवे ओलांडताना ट्रकांच्या गर्दीत तो सगळ्यांच्या पुढे हात वर करून उभा होता, आणि एकेकाला पलीकडे घेत होता. तिथल्या ढाब्यावर चहा झाला आणि आम्ही आतल्या रस्त्याला लागलो.

पहिला दिवस चांगला गेला, हे खोटं सांगून उपयोग नाही. मला आनंद झाला होता. पंधरा वर्षं ज्या चढाला मी सायकल ढकलत नेली, तो चढ मी बसूनच चढले. मामा जागोजागी थांबायचा. इथं तुझी आई भाकर खायची. इथं पाणी गोड आहे. या गावात आपल्या सोयऱ्यांचं घर आहे. सगळे ऐकत. सहलवाला प्रत्येक ठिकाणी मोबाइल समोर धरून बोलून घेत होता. मला वाटलं, बरं झालं, कोणी तरी लिहून तरी ठेवतंय.

दुसऱ्या दिवशी देवरीच्या पुढे बॅटऱ्या उतरल्या. ज्या गावात दुपारी चार्जिंग ठरलं होतं तिथे सकाळपासून लाइन नव्हती. ग्रामपंचायतीच्या खोलीत चार्जर लावून सगळे बसून राहिले. सहलवाला कोणाकोणाला फोन लावत होता. मामा कुठे गेला ते कळलं नाही. अर्ध्या तासाने परत आला तो एका बाईला घेऊन. त्या गावातली धानाची गिरणी त्या चालवत होत्या. पोवार शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या, डोक्याला फडकं बांधलेल्या.

"माह्याकडे डिझेलचं इंजिन हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर जनरेटर चालते. आना तुमच्या गाड्या."

गिरणीत सात-आठ बायका धानाची पोती घेऊन बसल्या होत्या. दुपारचा नंबर त्यांचा होता. मालकीणबाईंनी भरडणं थांबवलं आणि आमच्या बॅटऱ्या लावल्या. त्या बायका दोन तास तशाच बसून राहिल्या. कोणी कुरकुर केली नाही. उलट एकीने आम्हाला घरून पाणी आणून दिलं. आमच्यातले एक जण, नागपूरचे, जाडजूड, कापडाचं दुकान असलेले, तोंडाला रुमाल लावून म्हणाले, "इथे फार धूळ आहे. जरा लवकर नाही का होणार?" मालकीणबाई म्हणाल्या, "बिजली हाय, साहेब. पाणी नाही का लवकर ओतू." बायका हसल्या. ते गृहस्थ ओशाळले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

निघताना मी आभार मानले. मामाने मानले. सहलवाला तेव्हा रस्त्यावर उभा राहून मोबाइलमध्ये बोलत होता. मी जवळून गेले म्हणून ऐकू आलं. "मित्रांनो, इथे कसलीही सोय नाही. वीज नाही, माणूस नाही. पण आपण मार्ग काढला."

त्याच्या मागे वीस पावलांवर त्या सगळ्या बायका दारात उभ्या होत्या.

मला राग तेव्हा आला. पण तो मी गिळला. गिळण्याची सवय तीस वर्षांची. जिल्ह्याचे साहेब उपकेंद्राला भेट द्यायचे, तेव्हा आधीच्या दिवशी फोन यायचा. गावातल्या बायकांना गोळा करायचं, आरतीचं ताट ठेवायचं, साहेबांना उशीर झाला तरी कोणाला उठू द्यायचं नाही. दिवस भरत आलेल्या बायकांनासुद्धा मी उन्हात उभं केलं आहे. "दोन मिनटांचं काम आहे गं, थांब," असं म्हणून. हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सालेकसा मागे टाकलं. पायथ्याचं गाव धनेगाव. तिथून पुढे डोंगर चढून गुहेकडे जावं लागतं. धनेगावच्या अलीकडे एक नाला लागतो आणि नाल्याच्या काठावर ऐनाचं जुनं झाड आहे. ऐनाला आम्ही मानतो. आमच्या गावच्या लोकांची रीत अशी की त्या झाडाखाली सगळ्यांनी थांबायचं. सगळ्यात मागे राहिलेलं माणूस येऊन पोचेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही. मग नाल्यात पाय धुवायचे आणि तिथून पुढे अनवाणी. आईने मला इथेच कडेवरून खाली उतरवलं होतं. "आता आपल्या पायानं चाल," म्हणाली होती.

मामाने सायकल झाडाला टेकवली आणि चपला काढल्या. मागचे दोघे यायचे होते. तेवढ्यात सहलवाला घाईने आला. सामान वाहणारा टेम्पो मागेच उभा होता.

"काका, इथे नाही थांबायचं. ड्रोनवाले पुढे वाट बघताहेत, ऊन वर आलं की शॉट खराब होतो. आणि हो, तुम्ही टेम्पोत बसा. तुम्हाला पुढे जायचंय."

"कायले?"

"कमानीपाशी तुमचा ड्रेस ठेवलाय. तो घालायचा. आम्ही सायकलीवर आलो की तुम्ही आमचं स्वागत करायचं. पारंपरिक. प्रत्येकाच्या गळ्यात पदक घालायचं, बस."

मामा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला खरंच कळलं नव्हतं. चेष्टा नव्हती ती. त्याने विचारलं, "मी तं तुमच्यासंगच आलो ना तीन दिवस. मंग कोन कोनाचं स्वागत करून राहिलं?"

"काका, व्हिडिओत तसं दाखवायचं असतं. इथले आदिवासी बांधव आलेल्या पाहुण्यांचं स्वागत करतात असं. त्याने तुमच्याच जागेचं नाव होईल."

"आन् वाट दाखवली ते?"

"ते आपण बोलू ना कॉमेंट्रीत."

मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझ्याकडून काय हवं होतं ते मला स्पष्ट कळलं. मी शिकलेली, नोकरी केलेली, या लोकांच्या भाषेत बोलणारी. मी म्हणायचं होतं की हे होणार नाही, मामा आमच्याबरोबर येतील, सायकलीवर, सगळ्यांच्या पुढे. माझ्या मागे नऊ जण थांबले होते, कोणी तरी घंटी वाजवली. आणि मी म्हणाले, "जा ना मामा. दोन मिनटांची गोष्ट आहे."

मामाने चपला पायात घातल्या आणि टेम्पोत जाऊन बसला.

मी पाय धुतले नाहीत. सगळ्यांबरोबर सायकलीवरून पुढे गेले. मागचे दोघे आले की नाही ते कोणी पाहिलं नाही.

धनेगावच्या बाहेर फुग्यांची कमान उभी केली होती. तिच्याखाली मामा उभा होता. डोक्याला मोरपिसांचा आणि रंगीत कागदाचा मुकुट, गळ्यात प्लास्टिकच्या मण्यांच्या माळा, कमरेला बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड. असला वेश आमच्यात कोणी कधी घालत नाही. शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने मिळतो तसला. आमचा माणूस यात्रेला जातो तो स्वच्छ धोतर नेसून, पिवळा फेटा बांधून. मामाचा फेटा त्याच्या पिशवीत होता. शेवटच्या दिवसासाठी त्याने तो धुऊन, घडी करून आणला होता. मला सकाळी दाखवला होता.

वर ड्रोन घोंघावत होतं. एकेक जण कमानीखालून जात होता आणि मामा पदक घालत होता. माझी पाळी आली. मी मान खाली केली. मामाने पदक घातलं आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, विचारलं, "पोचली का पोरी?"

तेवढ्यात कॅमेरावाला म्हणाला, "ताई, इकडे." मी इकडे पाहिलं आणि हसले.

मग सगळ्यांना गोल उभं केलं. सहलवाल्याने माइक घेतला. तो म्हणाला की शेकडो वर्षं विस्मृतीत गेलेली एक यात्रेची वाट आपण आज पुन्हा जगासमोर आणली. नकाशावर नसलेली वाट आपण शोधली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत?"

मी पुढे झाले. काय बोलणार ते ठरवलं नव्हतं.

"ही वाट हरवलेली नव्हती," मी म्हणाले. "माझी आई या वाटेने जायची. हे समोर उभे आहेत, हे माझे मामा. तीन दिवस तुम्ही यांच्या मागे आलात. काल तुमच्या बॅटऱ्या चार्ज करायची सोय यांनी केली. गिरणीतल्या बायकांनी तुमच्यासाठी आपलं धान थांबवलं. आणि इथे पोचल्यावर तुम्ही यांना असा वेश घालून उभं केलं, जसं काही हे तुमची वाट बघत डोंगरात बसले होते. आम्ही असले कपडे घालत नाही. कोणीच घालत नाही."

मग पुण्याच्या एक बाई, माझ्याच वयाच्या, समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, कोणाचा वाईट हेतू नाहीये. आज आनंदाचा दिवस आहे. हे नंतर बोलता आलं असतं."

"नंतर तुम्ही गाडीत बसून जाल," मी म्हणाले.

सहलवाल्याने माझ्या हातातून माइक घेतला. ओढला नाही, अगदी अदबीने घेतला. "ताई भावुक झाल्यात," तो सगळ्यांना म्हणाला. "साहजिक आहे. त्यांच्या आईची आठवण आहे. चला, जेवण तयार आहे."

तो शब्द मला आजही सहन होत नाही. मी रागावले होते. रागावलेल्या बाईला भावुक म्हटलं की तिचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही, हे त्याला बरोबर माहीत होतं.

या सगळ्यात मामाने मुकुट काढला होता, माळा काढल्या होत्या, ते कापड नीट घडी घालून टेम्पोच्या फळीवर ठेवलं होतं. त्याने पिशवीतून फेटा काढून बांधला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "झालं बोलून? चाल मंग. वरतं जाऊ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सहल संपली ती कमानीपाशी. गुहेपर्यंत जाण्याचा कार्यक्रमच नव्हता. तीन दिवसांची यात्रा काढली आणि देवापर्यंत गेलेच नाहीत. जेवून, सायकली टेम्पोत भरून ते परत जाणार होते. कोणाला त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं.

आम्ही दोघं आधी नाल्याकडे मागे गेलो. मामा म्हणाला, राहिलेलं करून घेऊ. पाय धुतले. चपला हातात घेतल्या. परत येऊन चढाला लागलो तेव्हा मागे पावलं वाजली. कालचे ते कापड दुकानवाले होते. घामाघूम झालेले.

"मी येऊ का?" त्यांनी विचारलं. मग खाली बघत, "बूट इथेच काढायचे का?"

"नाल्यावर काढतात," मामा म्हणाला. "पन आता इथंच काढा. उगा परत कायले जाता."

ते आमच्या मागे अनवाणी चढले. पाय पोळत होते, खडे टोचत होते, पण थांबले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्या येण्याने मला बरं वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं नाही. मला वाटलं, अकरा जणांतला एक. आणि तोही माइकवर माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाही.

माझ्या गुडघ्यांनी फार त्रास दिला. दर पन्नास पावलांवर मी बसत होते. मामा माझ्या शेजारी बसायचा. एका जागी बसलो असताना मी म्हणाले, "मामा, मी तुम्हाला जा म्हणायला नको होतं."

तो काडीने जमीन उकरत बसला.

"हो," तो मग म्हणाला. "जा म्हनाले नको होतं."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे पोरी, काही नाही. ते त्याने म्हटलं नाही. आजपर्यंत म्हटलेलं नाही. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे, कारण त्याने तसं म्हटलं असतं तर मीही हे सगळं विसरून गेले असते.

वर पोचलो. गुहेच्या तोंडाशी गार वारा होता. मामाने तांदूळ वाहिले, पुरख्यांची नावं घेतली, त्यात आईचं नाव घेतलं. कापड दुकानवाले बाजूला हात जोडून उभे होते. मी रडले नाही. मी थकले होते आणि पाय दुखत होते आणि मला अजून राग येत होता. देवापुढेसुद्धा माणसाला राग येऊ शकतो, हे मला तिथे कळलं.

दोन आठवड्यांनी व्हिडिओ आला. मुलीनेच पाठवला, तिला काही माहीत नव्हतं. मामा मुकुट घालून पदकं वाटतोय आणि खाली लिहिलंय, 'स्थानिक आदिवासी बांधवांकडून शोधकांचं स्वागत'. मामा सायकलवर आहे असं एकही दृश्य नव्हतं. तीन दिवस तो सगळ्यांच्या पुढे होता, म्हणजे त्याला इतकं काळजीपूर्वक कापायला कोणाला तरी किती वेळ बसावं लागलं असेल. गिरणी नव्हती. माझं बोलणं नव्हतं. माझं हसणं होतं, संथ करून, शेवटी.

मी सहलवाल्याला फोन केला. मामाचं दृश्य काढून टाका म्हटलं.

"ताई, तोच तर सगळ्यात जास्त पाहिलेला भाग आहे."

"त्यांना विचारलं होतं का?"

"ते स्वतः उभे राहिले होते ना. कोणी जबरदस्ती केली का? तुम्हीच तर त्यांना जा म्हणालात."

माझं ते वाक्य त्याने बरोबर जपून ठेवलं होतं. शेवटी तो म्हणाला की पुढच्या सहलीत मी पाहुणी म्हणून यावं, त्यांना फार आवडेल. मी फोन ठेवला.

मुलीने त्या व्हिडिओखाली सगळी हकिकत लिहिली. ते लिहिलेलं दोन दिवस राहिलं, मग दिसेनासं झालं. मी सहलवाल्याला रजिस्टर पत्र पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही.

मला वाटलं होतं, मामाशिवाय पुढच्या वर्षी त्यांची सहल निघणार कशी? पण त्यांनी मामाला विचारलंसुद्धा नाही. त्याने दाखवलेलं प्रत्येक वळण पहिल्याच खेपेला मोबाइलमध्ये नोंदून झालं होतं. कुठे पाणी आहे, कुठे सावली आहे, सगळं. पन्नास वर्षं चालून जे त्याला माहीत झालं ते त्यांनी तीन दिवसांत उतरवून घेतलं, आणि आता ते त्यांचं होतं.

गेल्या डिसेंबरात ते परत आले. मंगल कार्यालयाच्या त्याच आवारात. मला गावातून कळलं. मी सकाळी सातला तिथे जाऊन उभी राहिले. नवे बारा जण जर्सी घालत होते. सहलवाल्याने मला ओळखलं. "अरे वा, ताई, शुभेच्छा द्यायला आलात?"

"सांगायला आले," मी म्हणाले.

मी माइक मागितला नाही. तीस वर्षं गावोगाव बायकांच्या सभा घेतल्या आहेत, माझा आवाज पोचतो. मी सांगितलं की ही वाट कोणाची आहे, कोण चालतं, कधी चालतं. नाल्यावर काय करतात. गिरणीतल्या बाईंचं सांगितलं. मामाचं सगळं सांगितलं, मी त्याला जा म्हणाले तेसुद्धा. दहा-बारा मिनिटं बोलले असेन. सहलवाला दोनदा म्हणाला, "ताई, उशीर होतोय." मी थांबले नाही. काही जण टायरची हवा बघत राहिले. काही जण जवळ आले.

एका तरुण बाईने विचारलं, "मग आम्ही जायचं की नाही?"

"जा की," मी म्हणाले. "वाट चालण्यासाठीच आहे. नाल्यापासून पायी जा आणि कमानीपाशी थांबू नका, वर जा. आणि तिथे कोणी रंगीत मुकुट घालून उभा असेल, तर त्याला विचारा की तू रोज काय घालतोस."

ते निघून गेले. पुढे त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही. मी बसस्टँडवर येऊन चहा घेतला आणि मामाला फोन लावला.

"ऐकलं का त्याईनं?" त्याने विचारलं.

"चार-पाच जणांनी ऐकलं."

"बारातून?"

"हो."

मागे कोणी तरी कोंबड्यांना हाकलत होतं.

"मी बांधावरची तूर कापून राहिलो," तो म्हणाला. "जेवाले ये. येताना मीठ आन."